पृथ्वी, चंद्र आणि सूर्य : स्वतः मोजून शिकायचे पहिले खगोलशास्त्र

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते. ही तीन वाक्ये सगळ्यांना पाठ असतात. पण चंद्राची कोर का दिसते असे विचारले, की बरेच जण ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे सांगून मोकळे होतात. उन्हाळा का येतो? ‘तेव्हा आपण सूर्याच्या जवळ असतो.’ दोन्ही उत्तरे चूक आहेत आणि ती देणाऱ्यांत चांगली शिकलेली मोठी माणसेही असतात. यात दोष बुद्धीचा नाही, चित्राचा आहे. पुस्तकाच्या एका पानात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र बसवायचे तर ते शेजारी शेजारी आणि जवळपास सारख्या आकाराचे काढावे लागतात. ते चित्र एकदा मनात बसले, की पुढचे सगळे तर्क त्याच्याच आधाराने चालतात.

म्हणून इथे सुरुवात मापापासून करायची आहे. माप नीट कळले तर ग्रहण दर महिन्याला का होत नाही, हा अवघड वाटणारा प्रश्नसुद्धा एका पट्टीने सुटतो. सामान फार लागत नाही : थोडी माती, मोजपट्टी, छोटा आरसा, सरळ काठी, चेंडू, उघडा दिवा, टॉर्च आणि एक वही. दुर्बीण नसली तरी चालेल.

एक नियम मात्र आधीच सांगतो, कारण यात सवलत नाही. सूर्याकडे थेट पाहायचे नाही. साध्या डोळ्यांनी नाही, गॉगल लावून नाही, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून नाही, आणि द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून तर मुळीच नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना काहीच जाणवत नाही. खालचे सूर्याचे सगळे प्रयोग सूर्याकडे न पाहता करायचे आहेत.

पायरी १ : तिघांचे खरे माप

मातीची १ सेंटिमीटर व्यासाची गोळी करा. ही तुमची पृथ्वी. खऱ्या पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२ किमी आहे. चंद्राचा व्यास ३,४७४ किमी, म्हणजे पृथ्वीच्या पावपटीहून थोडा जास्त. तेव्हा चंद्राची गोळी पावणेतीन मिलिमीटरची, मोहरीपेक्षा जराशी मोठी होईल.

आता पट्टी बाजूला ठेवा आणि चंद्र पृथ्वीपासून किती लांब असेल ते नुसत्या अंदाजाने मांडून बघा. बहुतेक जण तो चार-पाच सेंटिमीटरवर ठेवतात. खरे उत्तर ३० सेंटिमीटर आहे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किमी, म्हणजे मधल्या जागेत जवळजवळ तीस पृथ्व्या ओळीने मावतील. ती गोळी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि थोडा वेळ बघत राहा. मधे इतकी रिकामी जागा असते हे पुस्तकातल्या चित्रात कधीच दिसत नाही.

सूर्य याच मापाने १ मीटर ९ सेंटिमीटर व्यासाचा होतो. त्याची गोळी करायची गरज नाही, जोडलेल्या कागदांवर तेवढे वर्तुळ कापा. तो ठेवायचा ११७ मीटरवर. त्यासाठी मैदान किंवा लांब सरळ रस्ता लागेल. हे खरोखर करून बघा, कल्पनेवर सोडून देऊ नका. पृथ्वीच्या जागी उभे राहून एक डोळा मिटा आणि चंद्राची गोळी डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरून त्या कागदी सूर्यासमोर आणा. गोळीने सूर्य जेमतेम झाकला जाईल. सूर्य चंद्राच्या ४०० पट रुंद आहे, आणि जवळपास तितकाच पट, सुमारे ३९० पट, लांबही आहे. म्हणून आकाशात दोघे सारखेच दिसतात, प्रत्येकी साधारण अर्धा अंश. ही गोष्ट लक्षात राहू द्या, ग्रहणाच्या वेळी लागेल.

या मैदानात प्रकाशाचाही वेग कळतो. सूर्यापासून निघालेला प्रकाश १४ कोटी ९६ लाख किमी अंतर कापून आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद घेतो. तुमच्या मापात त्याचा वेग सेकंदाला २३-२४ सेंटिमीटर पडतो. कागदी सूर्यापासून पृथ्वीच्या गोळीपर्यंत तेवढा वेळ घेऊन चालत या. पाय आवरणे कठीण जाईल.

पायरी २ : सूर्य भिंतीवर आणा

सगळ्या प्रयोगांत माझा सर्वांत आवडता हा आहे, कारण एका लहानशा आरशाने सूर्याचा व्यास आणि पृथ्वीची गती, दोन्ही हाती लागतात.

आरशावर जाड काळा कागद चिकटवा आणि त्याच्या मधोमध अर्धा सेंटिमीटर रुंदीचे भोक ठेवा. आरसा उन्हात, मातीच्या गोळ्यात घट्ट रोवून ठेवा आणि कवडसा समोरच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. आरसा ते भिंत अंतर जितके जास्त तितके चांगले. १० मीटर मिळाले तर उत्तम. आरशात कोणी डोकावायचे नाही आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर पाडायचा नाही.

भिंतीवर जो गोल उमटेल तो भोकाचा आकार नव्हे. खात्री करायची असेल तर भोक चौकोनी कापा, तरी भिंतीवर गोलच येईल. ती सूर्याची प्रतिमा आहे. भिंतीवर कागद लावून तिची कड पेन्सिलीने आखा. कड थोडी धूसर असते, तेव्हा धूसर पट्ट्याचा मध्य धरा. १० मीटरवर व्यास ९ सेंटिमीटरच्या थोडा वर, ९.३ च्या आसपास येईल. आता १,००० सेंटिमीटरला ९.३ ने भागा, उत्तर साधारण १०७ येते. याचा अर्थ, सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या १०७ पट लांब आहे. १४ कोटी ९६ लाख किमीला १०७ ने भागले की सुमारे १४ लाख किमी मिळतात. सूर्याचा मोजलेला व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किमी आहे. शाळेतल्या मुलाने आरशाच्या तुकड्याने इतके जवळ पोचावे, हे थोडे नाही.

गोल आखून झाला की हात लावू नका. घड्याळ बघा. सूर्याची प्रतिमा आखलेल्या रेषेतून हळूहळू बाहेर सरकू लागेल आणि दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात त्या गोलातून पूर्ण बाहेर पडलेली असेल. म्हणजे आकाशात अर्धा अंश सरकायला दोन मिनिटे, एक अंशाला चार मिनिटे, आणि ३६० अंशांना १,४४० मिनिटे. हे झाले २४ तास. भिंतीवर सरकताना दिसते आहे ते पृथ्वीचे परिवलन आहे.

इथे चौकस विद्यार्थी विचारील : सूर्य फिरत नसून आपणच फिरतो हे कशावरून? प्रश्न रास्त आहे, कारण नुसत्या कवडशावरून ते ठरत नाही. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने हे समजावताना नावेचा दाखला दिला होता : पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे फिरत्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. डोळ्यांना दिसेल असा पुरावा मात्र १८५१ मध्ये पॅरिसला मिळाला. लिओन फुको याने ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून तो झुलवला. लंबकाला बाजूने कोणी ढकलत नव्हते, तरी त्याच्या झोक्याची दिशा जमिनीच्या तुलनेत तासातासाला वळत गेली. खालची जमीनच वळत होती.

पायरी ३ : काठीची सावली

मोकळ्या सपाट जागी सुमारे एक मीटरची काठी ओळंब्याने तपासून अगदी सरळ उभी करा. काठीचे बूड मध्य धरून जमिनीवर एक वर्तुळ काढा, असे की सकाळी सावलीचे टोक त्याच्या बाहेर असेल आणि दुपारी आत येईल. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवून आत शिरते तिथे एक खूण करा. दुपारनंतर ते पुन्हा वर्तुळाबाहेर पडते तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि तिला काटकोनात काढलेली रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण. ही रीत फार जुनी आहे आणि होकायंत्रापेक्षा खरी आहे, कारण होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाकडे वळते, भौगोलिक ध्रुवाकडे नाही.

सर्वांत आखूड सावली याच उत्तर-दक्षिण रेषेवर पडते. तो तुमचा खरा मध्यान्ह. घड्याळात त्या वेळी बारा वाजलेले असतीलच असे नाही, बहुधा नसतात. घड्याळ संपूर्ण देशाचे किंवा विभागाचे असते, काठीची सावली तुमच्या जागेची असते. शिवाय पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे वर्षभरात मध्यान्ह पाव तासापर्यंत पुढे-मागे होतो.

२१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास हा प्रयोग केला तर तुमच्या जागेचे अक्षांश मिळतात. समजा, काठी १०० सेंटिमीटर आणि मध्यान्हीची सावली ५८ सेंटिमीटर भरली. वहीत १० सेंटिमीटर उभी आणि ५.८ सेंटिमीटर आडवी रेषा काढून काटकोन त्रिकोण पुरा करा आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. तो ३० अंश येईल, तेच अक्षांश. इसवी सनापूर्वी सुमारे २४० मध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हाच कोन वापरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीन गावी सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियाला सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा होता, म्हणून दोन गावांमधले अंतर गुणिले पन्नास म्हणजे पृथ्वीचा परीघ. तुमची शाळा आणि त्याच रेखांशावरची, चार-पाचशे किलोमीटर उत्तरेची किंवा दक्षिणेची दुसरी शाळा यांनी एकाच दिवशी सावली मोजली, तर हा हिशेब आजही करता येतो.

काठी काढून टाकू नका. दर आठवड्याला एकदा मध्यान्हीच्या सावलीचे टोक खुणेने दाखवा आणि शेजारी तारीख लिहा. ऋतूंच्या पायरीत या खुणा उपयोगी पडतील. तुम्ही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहत असाल, तर वर्षातून दोन दिवस मध्यान्हीला सावली काठीच्या बुडाशीच गडप होते. त्या दिवसाला शून्यछाया दिवस म्हणतात.

पायरी ४ : चंद्राची वही

एक महिना चंद्र बघायचा आहे. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते, तिथून सुरुवात करा. रोज पाच गोष्टी लिहा : तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि आकाराचे चित्र. उंचीसाठी हात पूर्ण ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळीची रुंदी म्हणजे १ अंश.

पहिले पंधरा दिवस रोज ठरलेल्या वेळी बघा. त्या वेळेला चंद्र रोज सव्वा मूठ पूर्वेकडे सरकलेला दिसेल आणि रोज थोडा जास्त भरलेला असेल. एका रात्रीतसुद्धा हे सरकणे पकडता येते. चंद्राजवळचा एखादा ठळक तारा निवडा, दोघांमधले अंतर चितारा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला जवळपास स्वतःच्या रुंदीएवढा पूर्वेकडे जातो. सगळे आकाश पश्चिमेकडे कलताना दिसते ते पृथ्वीच्या परिवलनामुळे. चंद्राची ही उलटी चाल मात्र त्याची स्वतःची आहे.

पौर्णिमेनंतर मुले वही सोडून देतात, कारण चंद्र संध्याकाळी दिसेनासा होतो. तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. आता वेळ बदला आणि सकाळी, शाळेत जाताना, पश्चिमेकडे बघा. निळ्या आकाशात पांढुरका चंद्र असेल. चंद्र रात्रीच असतो हा समज त्या सकाळी जातो. अमावास्येला तो सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो. शुद्ध अष्टमीच्या सुमाराला दुपारी उगवून मध्यरात्री मावळतो, पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी उगवतो, वद्य अष्टमीला मध्यरात्री.

प्रत्येक चित्रात एक बाण काढा : सूर्य कोणत्या बाजूला आहे, किंवा मावळला असेल तर कोणत्या बाजूला गेला. महिन्याच्या शेवटी सगळे बाण तपासा. चंद्राची उजळ बाजू दर वेळी सूर्याकडेच असेल. उजवीकडून उजळला की डावीकडून, हा नियम उत्तर आणि दक्षिण गोलार्धात उलटा होतो, विषुववृत्ताजवळ तर कोर आडवी दिसते. सूर्याच्या बाजूचा नियम कुठेही चुकत नाही.

बारीक कोर असताना आणखी एक गोष्ट बघा. कोरीला लागून उरलेला काळा भागही अंधूक दिसतो. तो पृथ्वीच्या प्रकाशाने उजळलेला असतो. त्या दिवसांत चंद्रावरून पाहणाऱ्याला पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसेल, तीही आपल्या चंद्राहून साडेतीन पटींपेक्षा रुंद. सूर्यप्रकाश पृथ्वीवर आपटून चंद्रावर जातो आणि तिथून परत आपल्या डोळ्यांत येतो.

पायरी ५ : चेंडू आणि दिवा

वही पूर्ण झाली की हा प्रयोग करा, आधी नको. आधी पाहिलेले असले की प्रयोगात उत्तर सापडते. नुसताच प्रयोग केला तर तो एक खेळ होतो.

खोलीत पूर्ण अंधार करा आणि डोक्याच्या उंचीवर एकच उघडा दिवा ठेवा. दिवा म्हणजे सूर्य, तुमचे डोके म्हणजे पृथ्वी. पांढरा चेंडू पेन्सिलीवर खोचून हात ताणून समोर, डोक्यापेक्षा थोडा वर धरा. दिव्याकडे तोंड करा : चेंडूची उजळ बाजू पलीकडे आहे, तुमच्याकडे अंधार. ही अमावास्या. आता चेंडूवर नजर ठेवून सावकाश डावीकडे वळा. आधी बारीक कोर दिसेल, पाव फेरीत अर्धा चेंडू, अर्ध्या फेरीत, दिव्याकडे पाठ झाल्यावर, पूर्ण चेंडू.

वळता वळता मधेच थांबा आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राला विचारा, चेंडूचा किती भाग उजळला आहे? तो म्हणेल, अर्धा. केव्हाही विचारा, उत्तर अर्धाच येईल. चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. त्या अर्ध्यातला किती आपल्या बाजूला येतो, तेवढीच कला आपल्याला दिसते. तुमच्या डोक्याची सावली यात कुठेच आली नाही.

आता चेंडूवर, तुमच्या बाजूला, पेनने ठिपका द्या आणि तो सतत तुमच्याकडेच राहील असे धरून पुन्हा एक फेरी घ्या. ठिपका एकामागून एक चारही भिंतींकडे तोंड करतो. म्हणजे चेंडू तुमच्याभोवती एकदा फिरताना स्वतःभोवतीही बरोबर एकदाच फिरला. चंद्राचेही तसेच आहे, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. दुसऱ्या बाजूचे पहिले छायाचित्र ऑक्टोबर १९५९ मध्ये लुना-३ यानाने घेतले आणि त्या बाजूला पहिले यान जानेवारी २०१९ मध्ये उतरले, चीनचे चांग-ए-४. तिला अंधारी बाजू म्हणणे मात्र चूक आहे. अमावास्येला ती पूर्ण उन्हात असते.

चंद्राला एक फेरी पुरी करायला २७.३ दिवस लागतात, मग एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत २९.५ दिवस का? तेवढ्या काळात पृथ्वी सूर्याभोवती सुमारे २७ अंश पुढे गेलेली असते. सूर्याच्या रेषेत परत यायला चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ चालावे लागते.

पायरी ६ : वर्ष आणि ऋतू

पृथ्वी सूर्याभोवती फिरते याची खूण आकाशात रोज मिळते. रात्री एका ठरलेल्या जागी उभे राहून एखादा तारा भिंतीच्या उभ्या कडेआड जाण्याची वेळ मिनिट-सेकंदांसह लिहा. दुसऱ्या दिवशी तिथेच, डोके तेवढ्याच उंचीवर ठेवून, पुन्हा बघा. तो सुमारे चार मिनिटे आधी दिसेनासा होईल. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची आहे. पण तेवढ्यात पृथ्वी कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे गेल्यामुळे सूर्य त्याच जागी यायला आणखी चार मिनिटे फिरावे लागते. रोजची चार मिनिटे महिन्यात दोन तास होतात, वर्षात पूर्ण दिवस. उन्हाळ्यातले तारे हिवाळ्यात न दिसण्याचे कारण हेच.

ऋतूंचा अंतराशी संबंध नाही, हे दोन आकड्यांनी संपते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, १४ कोटी ७१ लाख किमीवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाख किमीवर. जानेवारीत उत्तर गोलार्धात थंडी असते. शिवाय अंतरामुळे ऋतू झाले असते तर दोन्ही गोलार्धांत एकदमच उन्हाळा आला असता.

खरे कारण अक्षाचा २३.४ अंशांचा कल. पृथ्वीगोल घेऊन दिव्याभोवती फिरा, पण अक्षाचे वरचे टोक कायम एकाच भिंतीकडे ठेवा. चूक बहुधा इथेच होते. हात वळतो तसा अक्षही वळतो आणि प्रयोग फसतो. अक्ष न वळवता फिरलात तर एका बाजूला उत्तर ध्रुव दिव्याकडे झुकलेला दिसेल (२१ जूनची स्थिती) आणि बरोबर समोरच्या बाजूला दिव्यापासून दूर (२२ डिसेंबर). दोन्ही ठिकाणी गोल स्वतःभोवती फिरवून तुमचे गाव किती वेळ उजेडात राहते ते बघा. दिवसाची लांबी बदलते, हा झाला पहिला परिणाम.

दुसरा परिणाम चौकटीच्या कागदावर दिसतो. टॉर्च कागदावर सरळ खाली रोखा आणि उजळलेले चौकोन मोजा. मग टॉर्च तेवढ्याच अंतरावर ठेवून इतकी तिरपी करा, की प्रकाश कागदाशी ३० अंशांचा कोन करील. चौकोन साधारण दुप्पट होतील. प्रकाश तेवढाच, जागा दुप्पट, म्हणून प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला निम्मी ऊब. काठीजवळच्या आठवड्यांच्या खुणा आता पुन्हा बघा. सावली लांबत गेली म्हणजे किरण तिरपे होत गेले.

पायरी ७ : ग्रहणे

चंद्र दर अमावास्येला सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो आणि दर पौर्णिमेला पृथ्वीच्या मागे जातो. मग दर महिन्याला दोन ग्रहणे हवीत. पुस्तकातले चित्र बघून याचे उत्तर सापडत नाही, पहिल्या पायरीतल्या गोळ्यांवरून लगेच सापडते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी कललेली आहे. ३० सेंटिमीटर अंतरावर पाच अंश म्हणजे सुमारे पावणेतीन सेंटिमीटर. तुमची पृथ्वी आहे १ सेंटिमीटरची आणि चंद्राच्या अंतरावर तिची गडद सावली उरते पाऊण सेंटिमीटरहून थोडी कमी. पट्टी धरून बघा : चंद्र या सावलीच्या कितीतरी वरून किंवा खालून सहज निघून जातो. अमावास्येला त्याची सावलीही तशीच पृथ्वीला चुकवते. दोन्ही कक्षांची पातळी जिथे छेदते त्या दोन बिंदूंना पात म्हणतात. अमावास्या किंवा पौर्णिमा पाताजवळ आली तरच ग्रहण होते आणि अशी वेळ साधारण सहा महिन्यांनी येते.

चंद्राची गडद सावली सरासरी पावणेचार लाख किमी लांब असते, म्हणजे ती पृथ्वीपर्यंत जेमतेम पोचते. चंद्र जवळ असला तर तिचे टोक पृथ्वीवर टेकते आणि तिथे खग्रास ग्रहण दिसते. लांब असला तर टोक अधांतरी संपते आणि सूर्याचे कंकण उरते. टेकलेले टोकही सहसा पावणेतीनशे किमीपेक्षा कमी रुंद असते, म्हणून खग्रास सूर्यग्रहण अरुंद पट्ट्यातच दिसते आणि कधीही साडेसात मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान यांवरून जाईल. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त झाकलेला राहील. चंद्रग्रहण मात्र त्या वेळी ज्यांच्या आकाशात चंद्र आहे त्या सगळ्यांना दिसते, ते साध्या डोळ्यांनी खुशाल बघा. त्यात चंद्र काळा न होता तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला प्रकाश त्याच्यावर पडतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू असतात, त्या सगळ्यांची लाली चंद्रावर एकत्र पोचते. सावलीची कडही चितारा. ती नेहमी गोलाई घेऊन येते आणि यावरूनच ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचे सांगितले होते.

सूर्यग्रहण बघायला आरशाचा प्रयोग सर्वांत चांगला, भिंतीवर सगळ्या वर्गाला एकदम दिसते. ग्रहण बघण्याचा खास चष्मा वापरायचा तर त्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक हवे, आणि फिल्मवर ओरखडा किंवा छिद्र असेल तर तो टाकून द्या.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वहीत भरतीच्या वेळांचा रकाना जोडावा. दोन भरतींमध्ये बहुतेक ठिकाणी सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. २५ मिनिटांचा जादा वेळ म्हणजे चंद्राच्या ५० मिनिटांच्या उशिराचा निम्मा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते, अष्टमीच्या सुमाराला भरती कमी चढते.

द्विनेत्री मिळाली तर ती पौर्णिमेच्या चंद्रावर वाया घालवू नका. त्या दिवशी तिथे ऊन समोरून पडते, सावल्या नसतात आणि सगळे सपाट दिसते. शुद्ध अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी, कोपरे भिंतीला टेकून हात स्थिर करा आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा. तिथे नुकता सूर्य उगवत असतो, सावल्या लांब पडतात आणि विवरे उठून दिसतात. त्यातले ९३ किमी रुंदीचे कोपर्निकस विवर शोधा; त्याचा तळ अजून काळाकुट्ट असेल आणि कड उजळलेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. सीमारेषा पुढे गेलेली असेल आणि तळावर ऊन पोचलेले असेल. दोन्ही चित्रे, तारीख आणि वेळ घालून, वहीत शेजारी शेजारी काढा.